दसऱ्याचा झेंडू: यंदा तारीख पाहून रोप लावा

वाडी वसई-अर्नाळ्याची असो, गोराई-मनोरीची असो की आरेतल्या पाड्यावरची, झेंडू करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. गेल्या वर्षीच्या तारखा यंदा चालणार नाहीत. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने तो 20 ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. सवयीप्रमाणे जुलैअखेर रोप लावलंत, तर फुलांचा भर ऐन पितृपक्षात येईल. तेव्हा दादरच्या फूलबाजारात झेंडूला कोण विचारतो?

संकरित केशरी झेंडू लागवडीनंतर साधारण 55 ते 65 दिवसांत तोडणीला येतो. त्याआधी रोपवाटिकेचे 25 दिवस धरा. म्हणजे बी 18 ते 25 जुलैच्या दरम्यान टाकायचं आणि 12 ते 20 ऑगस्टला पुनर्लागवड करायची. थोडी रोपं मागे ठेवून ऑगस्टअखेर लावली, तर दिवाळीला ताजी फुलं मिळतील. पुसा नारंगी चांगली जात आहे, पण तिला फुलं यायला चार महिन्यांच्या वर लागतात; दसऱ्यासाठी तिच्यावर विसंबू नका. जुन्या माळांतलं बी तर मुळीच नको. संकरित फुलाचं बी मूळ फुलासारखं निघत नाही, त्यात एकेरी पाकळीची फुलं फार येतात आणि त्यांना भाव मिळत नाही.

आपल्या पावसात झेंडू पाण्यापेक्षा तुंबलेल्या पाण्याने मरतो. गादीवाफे निदान वीतभर उंच करा, दोन ओळींत 60 आणि दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा, चर खालपर्यंत मोकळा काढा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून वाफ्यात द्या, रोपांची मर बरीच कमी होते. युरियाचा हात आवरा. झाड हिरवंगार दिसतं, पण कळी धरत नाही.

रोप लावून तीन-चार आठवडे झाले की शेंडा खुडा. वरची कोवळी पानांची जोडी नखाने मोडायची, बस. बगलेतून फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. खुडल्याने बहर आठवडाभर पुढे जातो, तेव्हा सप्टेंबरचा दुसरा आठवडा उलटल्यावर खुडू नका. आता एक खास मुंबईची अडचण. झेंडूला लांब रात्र मानवते. सोसायटीच्या किंवा रस्त्याच्या दिव्याच्या झोतात रात्रभर उभं असलेलं झाड कळी उशिरा धरतं. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी एवढं जरूर पाहावं.

पावसात खालच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके दिसले, तर तो करपा. ती पानं तोडून वाडीबाहेर टाका, झाडांत वारा खेळता ठेवा. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, येतो, आणि यंदा दसरा नेमका त्या उन्हात आहे. पान पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालू लागले, तर कोळी आहे असं समजा. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. जोर वाढला तर पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. भर उन्हात पानं जळतात. तोडणी तोंडावर आली की फवारणी बंद करा.

फूल पूर्ण उमललं की संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तोडा. दव किंवा पावसाने भिजलेली फुलं पोत्यात ठासली की आतून काळी पडतात. फडक्यावर पसरून सुकवा, मग टोपलीत सैल भरा. दादरला माल पहाटेच उतरतो, म्हणून पहिल्या लोकलच्या हिशोबाने भरणी रात्रीच उरका. केशरी आणि पिवळी फुलं वेगळी ठेवा, मिसळलेल्या टोपलीला पडत्या मालाचा भाव लागतो.