सुडाची गोष्ट उसवून बघायची असेल तर

धाकट्या पुतण्याने गेल्या पावसाळ्यात एक विज्ञानकथा वाचायला दिली. दिवाळी अंकाला पाठवायची होती. चंद्रावरच्या खाणीत मुकादम एका कामगाराला मरायला सोडून निघून जातो. दुसऱ्या पानावर कामगार कसाबसा वाचतो, चौथ्या पानावर मुकादमाला गाठून मारतो आणि पाचव्या पानावर पृथ्वीकडे बघत उभा राहतो. “काका, सूड घेतला, पण गोष्ट बसत नाहीये,” म्हणाला.

मी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. गोष्ट लिहिता येत नाही, पण शिवण कुठे उसवलीय ते दिसतं. मी त्याला काही समजावत बसलो नाही. कपाटातून एक कादंबरी काढली, एक शंभरपानी वही आणि पेन्सिल दिली आणि काय करायचं ते सांगितलं. तेच इथे लिहितोय. कादंबरीचा शेवट फोडणार आहे, तेव्हा आधी वाचायची असेल तर वाचून या.

पुस्तक अल्फ्रेड बेस्टरचं. न्यूयॉर्कचा माणूस (१९१३–१९८७), कॉमिक्स आणि रेडिओसाठी लिहून हात बसलेला. कादंबरी ‘गॅलक्सी’ मासिकात ऑक्टोबर १९५६ ते जानेवारी १९५७ अशी चार भागांत आली. इंग्लंडात पुस्तक निघालं ते ‘टायगर! टायगर!’ या नावाने, विल्यम ब्लेकच्या कवितेवरून. अमेरिकेत ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ म्हणून. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर ही दोन नावं दिसली तर दोन्ही घेऊ नका. मी घेतली होती.

पहिलं प्रकरण पेन्सिल न लावता वाचा. मग पुन्हा वाचा आणि फक्त मापं लिहून काढा. गली फॉइल (आपल्याकडे हे नाव गल्लीतलंच वाटतं, आणि तो बोलतोही तसाच) ‘नोमॅड’ नावाच्या फुटलेल्या यानात अडकलाय. हवा टिकून असलेली जागा एकच, अवजारांचं कपाट: चार फूट रुंद, चार फूट खोल, नऊ फूट उंच. एकशे सत्तर दिवस तो त्यात मरतोय आणि मरत नाहीये. त्याचा नोकरीतला शेराही बेस्टर छापून टाकतो: शिक्षण नाही, कौशल्य नाही, गुण नाहीत, शिफारस नाही, एखाद्या धक्क्याने जागा होईलही, पण बढतीस योग्य नाही. गोपनीय अहवाल ज्यांनी कधी वाचलाय त्यांना ती भाषा ओळखीची वाटेल. मग ‘वोर्गा’ नावाचं यान जवळ येतं, फॉइल मदतीचे बाण सोडतो आणि यान सरळ निघून जातं.

पुतण्याच्या गोष्टीत खाण केवढी, प्राणवायू किती तास पुरेल, कामगाराच्या खिशात काय होतं, यातलं एकही माप नव्हतं. अन्याय मोजून दाखवला नाही तर वाचकाला राग येत नाही. लेखकालाच येत राहतो.

आता वहीचं मुख्य काम. प्रत्येक पानावर दोन रकाने आखा. डावीकडे लिहा: नायक या घडीला कोणता प्रश्न विचारतोय? उजवीकडे: तो प्रश्न त्याला कोणी दिला? कोण मेलं, कुठे स्फोट झाला, कोणाचं कोणावर प्रेम, हे काही लिहायचं नाही.

पहिल्या पाचेक प्रकरणांत डावा रकाना लाजिरवाणा दिसतो. फॉइलला प्रश्नच नाही. त्याला यानावर सूड घ्यायचाय. लोखंडाच्या यानावर! पृथ्वीवर परत आल्यावर तो ‘वोर्गा’ उडवून द्यायला जातो, फसतो, आणि फ्रान्समधल्या ‘गूफ्र मार्तेल’ या गुहेतल्या तुरुंगात पडतो. तिथे ठार अंधार. गुहेतून आवाज दूरवर वाहून नेणाऱ्या एका वाटेने जिझबेला मॅक्वीन नावाची कैदी त्याच्याशी कुजबुजते, त्याला शिकवते, आणि एक दिवस म्हणते की, अरे, यान काय फोडतोस, तुला सोडून जायचा हुकूम कोणी दिला ते शोध. इथे उजव्या रकान्यात तिचं नाव लिहा आणि खाली दोन रेघा मारा. कादंबरीचं बिजागर ते आहे.

ही जागा ओळखीची वाटली तर बरोबर वाटली. अलेक्झांद्र द्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मध्ये (१८४४–४६) कोठडीत पडलेला नायक दांतेस भुयार खणत आलेल्या आबे (म्हणजे पाद्री) फारियाला भेटतो. आपल्याला कोणी अडकवलं हे दांतेसला ठाऊकच नाही. फारिया एकेक प्रश्न विचारतो: तू नाहीसा झालास तर फायदा कोणाचा? उत्तर निघतं, आणि मग फारियालाच वाईट वाटतं की याच्या मनात नव्हता तो सूड आपण घातला. बेस्टरने हा सांगाडा उचललाय आणि तो लपवलेलाही नाही.

इथे थोडं विषयांतर. फारिया हे नाव द्यूमाने घेतलं ते एका खऱ्या माणसाचं, आणि तो माणूस गोव्याचा. जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म कांदोळीचा, १७५६ चा. पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग दाखवणारा पाद्री. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, समोर कोसळणाऱ्या बाईवर हात उगारलेला. पुतण्याने कॉलेजच्या सहलीत त्या पुतळ्याखाली फोटो काढलेला निघाला. तो कोण हे त्याला माहीत नव्हतं. द्यूमाचा फारिया इटालियन आहे आणि गुप्त खजिन्याचा पत्ता देतो, तेव्हा दोघांची गल्लत करू नका. पण तुमच्या गोष्टीत नायकाला प्रश्न शिकवणारं पात्र असेल तर वहीत त्याला ‘फारिया’ म्हणायला हरकत नाही. आम्ही म्हणतो.

तुरुंगातून सुटल्यावर डावा रकाना भराभर बदलतो. हुकूम कोणी दिला? मग: ज्यांना माहीत आहे ते सांगत का नाहीत? (बोलायला गेले की मरतात, तशी त्यांच्या मेंदूत तजवीज केलेली.) मग: ‘वोर्गा’ तेव्हा करत काय होतं? उत्तर किळसवाणं आहे. निर्वासितांकडून पैसे घेऊन त्यांना अंतराळात फेकून देण्याचा धंदा चालला होता. आणि हुकूम देणारी निघते ऑलिव्हिया प्रेस्टीन, जिच्या प्रेमात फॉइल पडून चुकलाय. त्यानंतर त्याचा प्रश्न उलटा फिरतो. मला शिक्षा कोण देणार? सूडकथा साधारणपणे शत्रू सापडला की संपते. ही तिथून पुढे चालते, कारण प्रश्न संपलेला नाही.

सूडकथेतली दुसरी जुनी रीत म्हणजे वेषांतर. दांतेस काउंट होऊन येतो; फॉइल सर्कस घेऊन फिरणारा उधळ्या श्रीमंत ‘फोरमाइल ऑफ सेरेस’ होऊन येतो. इथे बेस्टरने जी खुबी केलीय तिच्यासाठी पान दुमडून ठेवा. लघुग्रहावरच्या एका टोळीने फॉइलच्या चेहऱ्यावर वाघासारखं गोंदण केलंय, कपाळावर ‘नोमॅड’ हे नाव. शस्त्रक्रियेने शाई जाते, पण कातडीखाली वण राहतात. संताप आला, रक्त चढलं, की अख्खा वाघ लालभडक उमटतो. म्हणजे ज्या रागावर तो जगतोय तोच राग त्याला उघडा पाडणार. विराटाच्या दरबारात फाशांचा मार खाऊन धर्मराजाच्या नाकातून रक्त येतं आणि ते जमिनीवर पडू नये म्हणून द्रौपदी पात्र धरते, तसा ताण इथे दर भेटीला आहे, फक्त पात्र धरायला कोणी नाही. तुमच्या नायकाला असं काहीतरी द्या, जे तो चिडला की त्याला दगा देईल.

मग विज्ञान कुठे वापरायचं? सूड सोपा करायला वापरू नका. बेस्टरच्या जगात माणसं नुसत्या इच्छेने हजार मैलांपर्यंत उडी मारतात. त्याला ‘जाँट’ म्हणतात, कारण जाँट नावाच्या संशोधकाला आग लागली तेव्हा तो असा पहिल्यांदा निसटला. आता शत्रूला कोंडणार कसं? उडी मारायला आपण कुठे आहोत हे माहीत असावं लागतं, म्हणून तुरुंग अंधारात. श्रीमंत आपल्या घरांना भूलभुलैये बांधतात, बायकांना खिडक्या नसलेल्या खोल्यांत कोंडतात, आणि प्रतिष्ठा दाखवायला मुद्दाम जुनाट वाहनांतून येतात. एका शोधातून एवढं निघालं. पुतण्याच्या गोष्टीत तीन शोध होते आणि तिन्ही नायकाच्या मदतीला.

न आवडलेलंही वहीत लिहा. फॉइल सुरुवातीला रॉबिन वेन्सबरीवर जबरदस्ती करतो. तिचे विचार इतरांना ऐकू जातात पण तिला कोणाचे ऐकू येत नाहीत, अशी ती बाई, आणि तिचीच आई-बहिणी त्या निर्वासितांत होत्या. लेखकाने तिचा हिशेब नीट केलेला नाही, शेवटी तिची एक जोडी जुळवून दिली आणि मोकळा झाला. माझ्या मते हा कादंबरीतला मोठा खड्डा आहे. सूडकथा लिहिताना नायकाने ज्यांचं वाटोळं केलं त्यांची वेगळी यादी ठेवा.

शेवटाकडे स्फोटात होरपळलेल्या फॉइलच्या संवेदनांची अदलाबदल होते. आवाज दिसतो, रंग दुखतो, स्पर्शाची चव लागते. तिथे अक्षरंच पानावर वळतात, फुटतात, नागमोडी जातात. ती पानं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रपाळी करून आलो होतो. वाटलं, फॉर्मा खराब निघालाय. सवयीने समासात खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकवाल्याकडे बदलून मागायला गेलो. त्याने गाड्यावरची दुसरी प्रत काढून दाखवली, तिच्यातही तेच. दुसरी प्रत घेतली ती तेव्हा. ही पानं मोठ्याने वाचायचा प्रयत्न करू नका, नुसती बघा. माझ्या खुणांवर नंतर मी ‘आहे तसे ठेवा’ लिहिलंय.

मग पहिलं आणि शेवटचं प्रकरण शेजारी ठेवा. फॉइल पुन्हा त्याच चार बाय चार बाय नऊच्या कपाटात आहे. सुरुवातीला तो स्वतःबद्दलचं जे चार ओळींचं गाणं म्हणतो त्याची शेवटची ओळ मरणाकडे जाते. शेवटी तेच गाणं ताऱ्यांकडे जातं. तेवढी एकच ओळ बदललीय.

पुतण्याने परवा नवा खर्डा आणला. मुकादम आता मरत नाही. त्याने फक्त वरून आलेला निरोप पोचवला होता. “वरून म्हणजे कोणी रे?” मी विचारलं.

“ते अजून ठरलं नाही, काका.”

म्हटलं, मग आठव्या पानावर थांब. वही घरी घेऊन जा.