घटपर्णीला पिचर येत नाहीत? या चुका टाळा

घटपर्णी म्हणजे पिचर प्लांट घेणाऱ्यांची तक्रार जवळपास ठरलेली असते. आणलं तेव्हा मस्त पिचर लटकत होते, महिन्याभरात सगळे वाळले, आता नुसती पानं आहेत, काय करू? आणि हे विचारेपर्यंत कुंडी बदलून झालेली असते, खत घालून झालेलं असतं, आधी कडक उन्हात ठेवलं मग घाबरून अंधारात आणलं, पिचरमध्ये नळाचं पाणी भरलं, वर एखादी मेलेली माशीही टाकली. मी तर म्हणेन हे झाड दुर्लक्षाने कमी आणि लाडाने जास्त जातं.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. पिचर हे फूल नाही, फळ नाही, तो पानाचाच भाग आहे. पानाच्या मधल्या शिरेतून पुढे तणावा निघतो आणि त्याच्या टोकाला पिचर फुगतो. एका पानाला एकच पिचर येतो, तो वाळला की त्या पानाला पुन्हा कधीच येत नाही, कितीही काही करा. पिचर चांगले काही महिने टिकतात पण जागा बदलली, प्रवास झाला, हवेतला दमटपणा एकदम कमी झाला की जुने पिचर आधी बळी जातात. हे नॉर्मल आहे. वाळलेला पिचर तेवढा कापा, पान हिरवं असेल तर राहू द्या कारण झाडाचं अन्न तेच बनवतंय. आणि निदान करायचं असेल तर सगळ्यात नवीन पान बघा, जुन्या पानांवरून काहीच कळत नाही.

नवीन पान उलगडलं की तणाव्याच्या टोकाला बारीकसं, लवदार बोंड दिसतं. सगळं ठीक असेल तर ते बोंड हळूहळू लांब होतं, टोक वर वळतं, मग ते आधी चपटं असतं ते फुगायला लागतं, झाकण अजून घट्ट बंद. आतला रस झाकण उघडायच्या आधीच तयार झालेला असतो. मग झाकण उघडतं आणि पुढचे काही दिवस कडेचा ओठ बाहेर गुंडाळत जातो, त्याला रंग चढतो. आता हेच बोंड तांदळाच्या दाण्याएवढं राहून काळं पडत असेल तर समजा हवा कोरडी आहे किंवा उजेड कमी आहे, बहुतेक वेळा दोन्ही. आणि कृपा करून बंद झाकण नखाने उघडून बघू नका, बरेच जण बघतात. झाकण एकदा उघडलं की उघडंच राहतं, ते माशी बसली म्हणून मिटत नाही, तो प्रकार व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाचा. इथे ओल्या ओठावरून किडा घसरून आत पडतो, बस एवढंच.

पाणी

सगळ्यात जास्त झाडं इथे जातात. हे झाड मूळचं अशा जमिनीतलं जिथे पोषण जवळपास नसतं, म्हणून तर ते किडे पकडतं. त्यामुळे पाण्यातले क्षार याच्या मुळांना सोसत नाहीत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर ५० च्या आत पाणी उत्तम, १०० पर्यंत बरीच काटक झाडं चालवून घेतात, त्यापुढे हळूहळू पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मॉसवर (कुंडीत मातीऐवजी भरतात ते शेवाळ) पांढरा थर दिसायला लागतो. पावसाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, आरओचं पाणी चालतं. फक्त आरओचं एक बघा, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळायची सोय असते, त्यामुळे आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एकदा मोजा. एसीचं गळणारं पाणीही लोक वापरतात, मशीन स्वच्छ असेल तर हरकत नाही.

दुसरी चूक म्हणजे कुंडी पाण्याच्या ताटलीत बुडवून ठेवणं. कीटकभक्षी झाडांना ताटलीत पाणी ठेवा असा सल्ला सर्रास मिळतो, तो सॅरासेनिया (दुसऱ्या प्रकारचं पिचरवालं झाड), फ्लायट्रॅप यांच्यासाठी ठीक आहे, पण घटपर्णीला पाण्याबरोबर हवाही लागते. वरून पाणी द्या, खालून निथळू द्या, मॉस ओलसर राहील पण पिळलं तर धार लागणार नाही एवढंच.

आणि मुळं. कोणीतरी झाड कुंडीतून काढतं, बघतं तर काळी मुळं, लगेच सडली म्हणून सगळी छाटून टाकतं! घटपर्णीची निरोगी मुळं असतातच काळपट तपकिरी, बारीक आणि ठिसूळ. हाताला कडक लागतात तोवर ती जिवंत आहेत, सडलेली मुळं लिबलिबीत होतात, ओढलं की साल निघून येते आणि वास येतो. मुळं नाजूक असल्यामुळे उगाच कुंडी बदलायची नाही, मॉस कुजलं असेल किंवा झाड फारच मोठं झालं असेल तरच, आणि तेव्हाही मुळांना चिकटलेलं मॉस ओरबाडून काढायचं नाही.

कुंडीत काय भरायचं

बागेची माती नको, शेणखत नको, गांडूळखत तर अजिबात नको. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस आणि परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एवढ्यावर काम होतं, ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल थोडी मिसळली तर निचरा अजून चांगला. कोकोपीट किंवा नारळाचे चिप्स वापरायचे तर आधी चांगल्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पिळून, क्षार काढून घ्या, न धुता वापरलं तर पाण्यावर घेतलेली सगळी मेहनत वाया. मॉस दाबून ठासून भरू नका, सैल भरा.

उजेड, गारवा, दमटपणा

जंगलातलं झाड म्हणून लोक घरातल्या कोपऱ्यात ठेवतात. पानं मोठी, गडद हिरवी, लुसलुशीत होतात आणि पिचर एकही नाही. याला भरपूर उजेड पाहिजे, सकाळचं कोवळं ऊन किंवा दिवसभर गाळलेलं ऊन. पानावर किंचित लालसर झाक आली की उजेड बरोबर आहे असं समजा, पानं पिवळी पडून डाग भाजल्यासारखे दिसले तर जास्त झालाय. जागा बदलताना एकदम नाही, थोडं थोडं सरकवा.

आता यातली खरी मेख. घटपर्णीच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या एकाच हवेत वाढत नाहीत. अँप्युलारिया, रॅफ्लेसियाना, बायकॅलकॅराटा या सखल, उष्ण भागातल्या, यांना रात्रीही २० अंशांच्या खाली गेलेलं फारसं आवडत नाही. उलट बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरची राजा किंवा व्हिलोसा या उंचावरच्या, यांना दिवसा २५ च्या आसपास आणि रात्री १५ च्या खाली असा गारवा लागतो, आणि रात्रीचा गारवा नाही मिळाला तर त्या लगेच मरत नाहीत, महिनोन्महिने बारीक होत जातात, माणसाला वाटतं आपलंच काहीतरी खत-पाणी चुकतंय. फोटो बघून प्रेमात पडायचं आणि आपल्या हवेचा विचारच करायचा नाही, हे महागात पडतं. पहिल्यांदा लावत असाल तर व्हेंट्राटा नावाचा संकर घ्या, बहुतेक नर्सऱ्यांमध्ये तोच असतो आणि तो बराच सोशिक आहे. मेघालयातली खासियानाही, नर्सरीत वाढवलेली मिळाली तर, बऱ्यापैकी जुळवून घेते.

दमटपणासाठी लोक दिवसातून चारदा स्प्रे मारतात. त्याने फरक पडतो तो काही मिनिटांपुरता, बाकी पानं सतत ओली राहून बुरशीला आमंत्रण. त्यापेक्षा झाडं जवळजवळ ठेवा, खाली खडी-पाण्याचा ट्रे ठेवा पण कुंडी खड्यांवर, पाण्यात नाही. काचेच्या पेटीत ठेवत असाल तर झाकणाला फट ठेवा, आणि बंद पेटी उन्हात म्हणजे झाड शिजलंच.

खाऊ घालणं

खायला घातलं नाही म्हणून घटपर्णी मरत नाही, वाढ थोडी सावकाश होते एवढंच. घालायचंच असेल तर चांगल्या उघडलेल्या पिचरमध्ये महिन्यातून एखाद-दुसरा छोटा किडा किंवा माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या सुकवलेल्या ब्लडवर्मची चिमूट. मांसाचे तुकडे, दूध, चीज असलं काही नाही, ते पचायच्या आधी सडतं आणि पिचर काळा पडून घाण वास सुटतो. प्रवासात रस सांडला असेल तर पाव भाग शुद्ध पाणी घाला, काठोकाठ नाही, कारण रस पातळ झाला की पचनच मंदावतं. आणि कुंडीत खत टाकणं विसरा.

कटिंग

इथे घाई नडते. दोन-तीन पानांचा, धड कोवळा नाही धड जून लाकडासारखा नाही असा मधला खोडाचा तुकडा घ्या. घटपर्णीचा सुप्त डोळा पानाच्या अगदी बेचक्यात नसतो, थोडासा वर असतो, त्यामुळे वरचा काप पानाला चिकटून मारला तर डोळाच कापला जातो आणि मग तो तुकडा हिरवा राहूनही फुटत नाही. पानाच्या वर बोटभर खोड सोडा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, पानं अर्धी कापा म्हणजे पाणी कमी उडेल, रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) असेल तर लावा नसेल तरी चालतं, आणि ओलसर मॉसमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी. वरची आणि खालची बाजू उलटी होऊ देऊ नका, पानं कापल्यावर खोडाचे तुकडे सगळे सारखेच दिसतात, म्हणून खालचा काप तिरका घ्यायचा.

यानंतर सगळ्यात मोठी चूक. काही आठवड्यांत हिरवा कोंब दिसतो आणि लोक खूश होऊन पिशवी काढतात, कुंडी बदलतात, आणि आठवड्यात कोंब मान टाकतो. कोंब आला म्हणजे मुळं आली असं नाही, तो खोडातल्या साठ्यावर फुटलेला असतो. मुळं यायला एक ते तीन महिने सहज लागतात. कोंबाला दोन-तीन पानं उलगडेपर्यंत थांबा, हलकेच ओढून बघण्याचा मोह आवरा कारण त्यात नुकती फुटलेली मुळं तुटतात, आणि पिशवी काढताना आधी एक भोक, मग दोन असं करत हवेची सवय लावा. खालचं टोक काळं होणं ठीक आहे, पण काळेपणा मऊ होत वर चढत असेल तर निरोगी भागापर्यंत पुन्हा कापून नव्या मॉसमध्ये लावा. मूळ झाडाची काळजी नको, छाटल्यावर ते खालून नवे फुटवे देतं, झाड आणखी भरगच्च होतं.

उंच वेल झाल्यावर पिचरचा आकार बदलतो, खाली गोलसर, पुढे दोन झालरी असलेले यायचे, वर नरसाळ्यासारखे, झालरी नसलेले येतात. हा रोग नाही, वयात आलेल्या वेलीचे वरचे पिचर असेच असतात. वेलीला आधाराला काडी द्या. कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला तर मात्र तो मिलीबग म्हणजे रस शोषणारा किडा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसून काढा आणि आठवडाभराने परत तपासा.

बिया

घटपर्णीत नर वेगळा, मादी वेगळी, आणि फुलल्याशिवाय कळत नाही कोण काय. म्हणजे एकट्या झाडाला बी धरत नाही, नर आणि मादी एकाच वेळी फुलले पाहिजेत. बी दिसायला बारीक सुतासारखं असतं आणि त्याची उगवणशक्ती काही महिन्यांत ओसरते, म्हणून पाकिटात कधीची पडून असलेली बियाणं उगवत नाहीत. निळ्या, सप्तरंगी पिचरचे फोटो लावून विकतात ती बियाणं तर सरळ फसवणूक. गोल, कडक दाणे आले तर ते घटपर्णीचं बी नाहीच.

ताजं बी मिळालंच तर ते गाडू नका, ओल्या मॉसवर नुसतं पसरा, वर पारदर्शक झाकण आणि चांगला उजेड. उगवायला एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त, म्हणून महिन्याभरात काही दिसलं नाही म्हणून ट्रे फेकू नका. दोन बीजपानांनंतर लगेचच टाचणीच्या डोक्याएवढे पिचर यायला लागतात, बघायला भिंग लागतं. जिवंत मॉसवर पेरलं असेल तर मॉसच रोपांपेक्षा भराभर वाढून त्यांना झाकून टाकतं, तेव्हा दर थोड्या दिवसांनी छोट्या कात्रीने मॉसचे शेंडे छाटत राहा, आणि रोपं निदान दोन-तीन सेंटीमीटर रुंद झाल्याशिवाय उपटून वेगळी करायला जाऊ नका.