स्वस्त रॅममधून जास्तीचा वेग कसा काढायचा

रॅम घेताना पैसा क्षमतेवर घाला, वेग नंतर वेळ देऊन मिळवा. ओळखीपाळखीच्यांची डेस्कटॉप मशीनं जुळवून देताना मी हाच नियम पाळते. १६ जीबीची झगमगती, महागडी जोडी घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत साधी ३२ जीबी मिळत असेल तर डोळे झाकून साधी घ्या. मेमरी कमी पडली की मशीन उरलेला डेटा ठेवायला संथ एसएसडीकडे धावतं आणि मग कुठलंही टायमिंग (रॅम किती लवकर प्रतिसाद देते ते ठरवणारे आकडे) तुम्हाला वाचवत नाही. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली आणि मेमरीचे भाव भडकले, तेव्हापासून तर मला हा नियम आणखी पटायला लागला.

पण खरेदीच्या आधी घरच्या मशीनकडे बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग आणि वापरातले स्लॉट दिसतात. ३२००ची (हा वेगाचा आकडा, एमटी/सेकंदात) म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४००वर चाललेली मी कितीतरी मशीनमध्ये पाहिली आहे, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत) एक्सएमपी, म्हणजे छापील वेग लागू करणारी रॅममधली तयार प्रोफाइल, कुणी चालूच केलेली नसते. ती चालू करणं म्हणजे फुकटातली पहिली कमाई. दुसरी कमाई स्लॉटची. दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असतील आणि चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) बसल्या तर बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, निम्मी होते. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

मग बोर्ड तपासा, नाहीतर वेगवान रॅमचे पैसे पाण्यात जातात. इंटेलच्या ५०० मालिकेच्या आधी मेमरी ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे चालवायची, तर झेड चिपसेटच (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाच्या नावात हीच असते) लागायचा. एच४१० आणि बी४६०वर कोअर आय५ असेल तर २६६६च्या पुढे जाता येत नाही, मग स्टिकवर काहीही छापलेलं असो. २०२१मध्ये बी५६०ने हे कुलूप उघडलं, एच५१०ला मात्र ते राहिलंच. बी६६० आणि बी७६०वर मोकळीक आहे, पण नावात के नसलेल्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सिस्टम एजंटचं (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) व्होल्टेज वाढवता येत नाही. त्यामुळे डीडीआर४ गिअर १मध्ये (मेमरी आणि तिचा कंट्रोलर एकाच गतीने चालतात ती सेटिंग) साधारण ३४००-३६००च्या आसपास अडकते. एएमडीच्या बी४५० किंवा बी५५०वर अशी कटकट नाही.

दोन किटांची तुलना करताना नुसता सीएलचा आकडा (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे घड्याळाचे ठोके) बघू नका. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० सीएल १८ म्हणजेही १०च. ६००० सीएल ३६ म्हणजे १२ आणि सीएल ३० म्हणजे पुन्हा १०. रायझन ५०००साठी ३६०० हे सोयीचं ठिकाण आहे, कारण तिथे इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला दुवा) १८०० मेगाहर्ट्झवर मेमरीच्या बरोबरीने चालतं; ३६००च्या मेमरीचं घड्याळ १८००चंच असतं, एका ठोक्यात ती दोनदा डेटा पाठवते. रायझन ७०००साठी ते ठिकाण ६०००. डीडीआर५मध्ये ८ जीबीच्या स्टिक शक्यतो टाळा. त्यांच्यावर चारच रुंद चिप असतात, बँक ग्रुप (चिपमधले साठवणुकीचे गट) निम्मे मिळतात आणि वेग तिथेच मार खातो. १६च्या दोन घ्या. चार स्टिकचा मोह नको, मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो.

आता माझ्या आवडीचा भाग: आत चिप कुणाची आहे? स्टिकवर नाव कुठल्याही कंपनीचं असो, चिप बहुतेक वेळा सॅमसंग, मायक्रॉन किंवा एसके हायनिक्सची निघते आणि ओव्हरक्लॉकिंगची कुवत तीच ठरवते. कोर्सेअरच्या लेबलवर बारीक अक्षरात व्हर्जन छापलेली असते. आकडा ३ने सुरू झाला तर मायक्रॉन, ४ने तर सॅमसंग, ५ने तर हायनिक्स. डीडीआर४मध्ये सॅमसंगची बी-डाय ही चिप सर्वात गुणी, पण वापरलेलीसुद्धा महाग मिळते. कमी पैशात मायक्रॉनची रेव्ह ई ही चिप मला जास्त आवडते. वापरलेली रॅम घेत असाल तर विकणाऱ्याकडून लेबलचा जवळून काढलेला फोटो आणि सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधल्या एसपीडी टॅबचा (तिथे स्टिकची माहिती दिसते) स्क्रीनशॉट मागा. दोन्ही स्टिकची व्हर्जन सारखी नसेल तर ती जोडी नव्हे, दोन सुट्या स्टिक आहेत, आणि भावही त्याच हिशेबाने करा.

रॅम हातात आली की आधी मूळ एक्सएमपीवर पूर्ण चाचणी घ्या. इथेच चूक दिसली तर रॅम परत करायची, ओव्हरक्लॉकच्या भानगडीत पडायचं नाही.

पाया पक्का असेल तर पुढे. समजा रायझनवर रेव्ह ईची ३२००, १६-१८-१८-३८ अशी जोडी आहे (या चार मुख्य टायमिंगांत पहिला आकडा सीएल, दुसरा टीआरसीडी). व्होल्टेज १.३५वरून १.४ करा, वेग ३६००, फॅब्रिक १८०० आणि मुख्य टायमिंग मुद्दाम सैल, १८-२२-२२-४२. मशीन सुरू झालं की सीएल १६वर आणा, मग बाकीचे आकडे एकेक करून खाली. एका वेळी एकच बदल, हे कटाक्षाने पाळा. रेव्ह ईमध्ये सीएल व्होल्टेजला दाद देतो, पण टीआरसीडी देत नाही. तो १९-२०च्या आसपास अडला की व्होल्टेज चढवत बसू नका.

त्यानंतर टीआरएफसी, म्हणजे चिपला एकदा रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ. बहुतेक जण याला हातच लावत नाहीत आणि खरी मलई इथेच असते. डीरॅममधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी चिपला रिफ्रेश करावं लागतं, आणि तेवढा वेळ दुकानाचं शटर खाली: वाचन नाही, लेखन नाही. ८ गिगाबिट चिपसाठी प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे जवळपास साडेचार टक्के वेळ नुसता रिफ्रेशमध्ये जातो. बायोस तो घड्याळाच्या ठोक्यांत दाखवतं, म्हणून ३६००वर ऑटोमध्ये हा आकडा ६३० दिसेल. रेव्ह ई ३०० नॅनोसेकंदांपर्यंत सहसा उतरते, म्हणजे बायोसमध्ये ५४०. बी-डाय १६०च्याही खाली जाते, तिचा भाव उगाच चढा नाही.

चाचणीत घाई करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. अस्थिर रॅम नेहमी निळा स्क्रीन दाखवते असं नाही. ती गुपचूप एखादा बिट उलटा करते आणि तो तुमच्या फोटोत किंवा विंडोजच्या फाइलमध्ये लिहिला जातो. म्हणून प्रयोगाआधी बॅकअप घ्या. सुरुवातीचे बदल यूएसबीवरच्या मेमटेस्ट८६मधून तपासा, म्हणजे विंडोजला धोका नाही. आकडे ठरले की विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी काही तास चालवा. एकही चूक चालणार नाही, एक म्हणजे नापास. मग ग्राफिक्स कार्डावर भार टाकून पुन्हा बघा. कार्डाच्या उष्णतेने स्टिक तापतात आणि कमी केलेला टीआरएफसी तेव्हाच दगा देतो. डीडीआर५मध्ये चिपच्या आतलं ईसीसी एका बिटची चूक स्वतःच दुरुस्त करतं, त्यामुळे तिथे बेंचमार्कचे आकडेही बघा. टायमिंग घट्ट करूनही वेग वाढला नसेल तर एक पायरी मागे या.

रायझन ७०००वर एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपी) चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) पाहायला विसरू नका. काही प्रोसेसर जळाल्यानंतर २०२३मध्ये एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, म्हणून आधी नवं बायोस टाका. पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, वीज बंद करू नका.

आकडे चुकले आणि मशीन उठेचना, तर बोर्ड सहसा दोन-चार प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतो. नाही आला तर वीज काढून क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवा.

सगळं जमल्यावर बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि टायमिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा पुसली जाते.