चकलीची भाजणी विकायची आहे ना? मग आधी दहा पाकिटं

घरगुती भाजणी उत्तम जमते, ओळखीचे लोक मागतातही, पण विक्री काही सुरू होत नाही. नाव ठरलेलं नाही, लोगोचे चार नमुने फोनमध्ये पडून आहेत, पाकीट मनासारखं मिळत नाही. दिवाळी येते नि जाते. असं अडकायला होतं त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो. सगळ्याच गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या धरल्या जातात, म्हणून गाडी पुढे सरकत नाही. खालची पद्धत चकलीच्या भाजणीची आहे. मसाले, मेतकूट, लाडू यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

आधी दोन याद्या

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, जे चुकलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान होईल ते: स्वच्छता, वजन, तारीख, घटक, नोंदणी. उजवीकडे, पुढच्या खेपेला बदलता येईल ते: नाव, लोगो, पाकिटाचा रंग, फोटो, इन्स्टाग्राम. डाव्या बाजूला हवी तेवढी काटेकोर राहा. उजव्या बाजूच्या प्रत्येक गोष्टीला जास्तीत जास्त एक संध्याकाळ. लोगो बघून कोणी चकली तळत नाही.

डावी बाजू जरा तपशिलात बघू, कारण चोखंदळपणा खर्च करायचा तो इथेच. विक्रीआधी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. अर्ज तिच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर होतो आणि मिळालेला 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. अर्ज गेला की हातावर हात ठेवून बसू नका, चाचणीची भाजणी त्याच दिवसांत होते. लेबलवर पदार्थाचं नाव, जास्त ते कमी या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची आणि वापराची तारीख, बॅच क्रमांक, तुमचा पत्ता व संपर्क, शाकाहाराचं हिरवं चिन्ह एवढं हवंच. वजन म्हणजे आतल्या मालाचं. काट्यावर आधी रिकामं पाकीट ठेवून शून्य करा, मग भरा.

तीन चाचण्या, चौथी नाही

एका चाचणीला सुमारे एक किलो पुरतं: तांदूळ 500 ग्रॅम, हरभरा डाळ 250, उडीद डाळ 125, मूग डाळ 60, धणे 25, जिरे 15. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. चाचणी बदलताना एकच गोष्ट बदला. उडीद कमी केला आणि भाजणंही वाढवलं, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही, आणि मग चाचण्या संपतच नाहीत.

इथे एक गंमत आहे. चकली बिघडली की आपण प्रमाणावर संशय घेतो, पण दोष बऱ्याचदा भिजवण्यात किंवा तळण्यात असतो. सोऱ्यातून पडताना तुकडे होतात, म्हणजे पीठ कोरडं. तेलात विरघळते, म्हणजे मोहन जास्त. दुसऱ्या दिवशी मऊ पडते, म्हणजे तेल फार तापलं होतं, बाहेरून लाल झाली नि आत कच्ची राहिली. हे सगळं गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात घडतं. तेव्हा उडदाचं प्रमाण पाच ग्रॅमने खालीवर करण्यापेक्षा पाकिटात कृतीची चिठ्ठी टाका: वाटीभर भाजणीला वाटीभर उकळतं पाणी, एक मोठा चमचा मोहन, आच मध्यम. त्या चिठ्ठीने निम्म्या तक्रारी उगवायच्या आधीच मिटतात.

कधी झालं म्हणायचं, ते आधीच लिहा

काम हातात घेण्याआधी एक ओळ लिहून फ्रिजवर लावा: ‘5 किलो भाजणी, अर्ध्या किलोची 10 पाकिटं, 10 पैसे देणारी माणसं, अमुक रविवार.’ आकडा, माणसं, तारीख तिन्ही हवीत. ‘चांगली भाजणी बाजारात आणायची’ हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही, कारण चांगलीच्या पुढे अजून चांगली असतेच.

तारीख भाद्रपदातली धरा. भाजणीची खरेदी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी होते. चाचणीची खेप त्याआधी संपली, तर सुधारायला वेळ उरतो. पावसाळी हवेत धान्य धुवून वाळवायच्या फंदात पडू नका, ओल राहते. ओल्या फडक्याने पुसून पसरा.

दहा जणांपैकी निदान सहा जण नात्यातले नसावेत. पैसे आगाऊ घ्या. फुकट दिलेल्या भाजणीला सगळेच छान म्हणतात. शिवाय पैसे घेतले की ‘अजून एकदा करून बघते’ ही पळवाट बंद होते.

प्रत्यक्ष दिवस

धान्य साडेपाच किलो घ्या. भाजताना ओल जाते, थोडं पीठ गिरणीत राहतं. भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या, मगच दळण. गिरणीत आपल्या आधी कशाचं दळण झालं ते विचारा. मिरचीनंतर टाकू नका. गव्हानंतर टाकलं तर गहू न चालणाऱ्याला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला ठेवा, आणि तरीही लेबलवर ‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं लिहा. गिरणीतून आलेलं पीठ कोमट असतं. तसंच भरलं तर पाकिटात आतून दव धरतो, गुठळ्या होतात, पुढे बुरशी. परातीत पसरून पूर्ण निवू द्या. शंभर ग्रॅम नमुना तारीख घालून स्वतःकडे ठेवा आणि दर आठवड्याला वास घ्या. खवट कधी होते ते कळलं, की वापराची तारीख अंदाजाने टाकावी लागत नाही.

पाकिटं साधी, पारदर्शक, उभी राहणारी. लेबल स्टिकरवर छापलेलं. छापील पाकिटं एकदम हजारोंनी घ्यावी लागतात. पत्ता किंवा किंमत बदलली की माळा भरतो. परिपूर्ण दिसण्याच्या हट्टात सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात.

हिशेब

समजा धान्य 600 रुपये, दळण 100, पाकिटं 80, लेबलं 30, गॅस 60, आणि तुमचे चार तास ताशी 80 प्रमाणे 320. एकूण 1190, म्हणजे पाकिटामागे 119. विक्री 180 ला केली तर 61 सुटतात. आता लेबलचा फाँट बदलण्यात आणि फोटो पुन्हा काढण्यात आणखी सहा तास घातलेत, तर 480 वाढले, पाकिटामागे 48. हातात उरले 13. स्वतःचे तास मांडायची सवय लागली, की ‘जरा अजून नीट करू’ची किंमत दिसते.

प्रतिक्रिया आणि पुढची खेप

पाच-सहा दिवसांनी प्रत्येकाला फोन करा, मेसेज नको. तीनच प्रश्न: पाणी किती घातलं, दुसऱ्या दिवशी चकली कशी होती, दिवाळीला किती किलो लागेल? ‘आवडली का’ विचारू नका, तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. दहापैकी तिघांनी तीच तक्रार केली तरच बदल करा. एकट्याने तिखट हवं म्हटलं, तर ते वहीत.

चार जणांनी पुन्हा मागवली तर दुसरी खेप 10 किलोची. दोघं किंवा त्याहून कमी, तर किंमत किंवा गिऱ्हाईक चुकलंय, आधी ते तपासा. तिघं म्हणजे पुन्हा पाचच किलो, नवीन दहा माणसं.

वही वेगळी ठेवा. उपवासाची भाजणी, नाचणीची चकली, तयार चकल्या, असं काही सुचलं की तीन ओळी लिहायच्या: घेणार कोण, किंमत किती, दोनशे रुपयांत तपासायचं कसं. ती वही महिन्याच्या 1 तारखेलाच उघडायची, तीही चालू खेपेचे सगळे पैसे हातात आले असतील तर. दिवाळीच्या तोंडावर ती कपाटात. नाचणीची चकली तुळशीच्या लग्नानंतर बघता येईल.