एमजीबी जीटी की स्विफ्ट? ठरवण्याआधीची तपासणी

आकडे बघून ठरवू नका. एमजीबी जीटी या जुन्या ब्रिटिश गाडीचं इंजिन १७९८ सीसी, ताकद साधारण ९५ बीएचपी, वजन ११०० किलोच्या घरात. २०२४ची स्विफ्ट ११९७ सीसी, ८१.६ पीएस (बीएचपीच्या जवळपास तेवढंच एकक), वजन ९२० किलोच्या आसपास. वजनाने भागलं की दोघी बरोबरीत येतात. फरक पडतो तो गंजात, तापण्यात आणि आरसीत.

आधी आरसीच बघा. ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१च्या नियमाखाली ‘व्हीए’ (व्हिंटेज गाड्यांच्या) नंबरवर असेल, तर ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. ठाण्याच्या घोडबंदरहून रोज नवी मुंबईत ऐरोलीला ऑफिस गाठायचं असेल, तर विषय इथेच संपला, स्विफ्ट घ्या. साधा एमएच-०४ किंवा एमएच-४३ नंबर असेल तर नूतनीकरणाची तारीख तपासा; १५ वर्षांनंतर ते दर ५ वर्षांनी करावं लागतं.

मग गंज. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस जीटीचे सिल खातो, आणि या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. दाराखालचे सिलच भार पेलतात. चुंबकाला पातळ रुमाल गुंडाळून सिलवरून फिरवा. धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. नंतर एक बाजू जॅकवर उचलून दार उघडा-लावा. दार घासलं किंवा फट बदलली तर सिल आतून सडलाय. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये.

इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. जुन्या जीटीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून माजिवड्याच्या कोंडीत हवा सर्वांत जास्त लागते तेव्हाच तो सर्वांत हळू असतो. २० मिनिटं आयडलिंगवर ठेवा. तापमानाचा काटा चढतच राहिला तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बघा. नेहमीचा ८२ अंशांचा, गरम हवेसाठी ७४चा. रेडिएटर गाळाने तुंबला असेल तर मात्र थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर आयडलला १० ते २५ पीएसआय, चालताना ५० ते ८० हवं.

एअर फिल्टर काढून दोन्ही एसयू कार्बोरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागांचे) पिस्टन बोटाने उचलून सोडा. वर जाताना जड, खाली येताना मोकळा आणि शेवटी ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. वर जातानाही हलका लागला तर डॅशपॉटमधलं (पिस्टनवरच्या नळीतलं) तेल संपलंय. एकदम रेस दिली की गाडी गचके खाईल. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ होऊन चिरतात, त्यामुळे इथेनॉल सोसणारे नवे पाइप धरूनच भाव करा.

स्विफ्टची तपासणी सोपी. नवी असेल तर डिलिव्हरीआधीची पाहणी पुरे. जुनी हॅचबॅक असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचा डाग म्हणजे गाडी पुरात बुडाली होती.

आता दोन्ही एकाच सकाळी, एकाच वाटेने चालवा: गायमुखचा चढ, मग ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रोड. सर्वो (ब्रेकला जोर देणारी यंत्रणा) नसलेल्या जीटीच्या ब्रेकला पाय जोरात लावावा लागतो, तो दोष नव्हे; गाडी एका बाजूला ओढली तर तो दोष. स्विफ्टमध्ये जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं, ते एबीएसचं (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम.

टायरची चिंता नको. जीटीला चालणारा १६५/८० आर१४ हाच माप स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला येतो.