फर्नेसचा पंखा थांबत नसेल तर: तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वीची तयारी

अमेरिका आणि कॅनडातील बऱ्याच घरांत गॅसवर चालणारी फर्नेस बेसमेंटमध्ये किंवा कपाटवजा खोलीत असते आणि तिचा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत पोहोचवतो. महाराष्ट्रातून येऊन इथे पहिले घर घेतलेल्यांचा या यंत्राशी आधी फारसा संबंध आलेला नसतो. त्यामुळे ऐन जानेवारीत रात्री हा पंखा थांबेनासा झाला, की हात प्रथम वीज बंद करण्याकडे जातो. गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल, तर कोणत्याही बटणाला हात न लावता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि फोन बाहेरूनच करावा. असे काही नसेल, तर मात्र वीज तोडण्याची घाई करू नये, कारण बिघाडाच्या बहुतेक खुणा यंत्र चालू असतानाच दिसतात.

टॉर्च, मोबाइल, कागद-पेन आणि फर्नेसमधल्या हवा गाळणाऱ्या फिल्टरच्याच मापाचा एक नवा फिल्टर एवढे साहित्य पुरते. फिल्टरचे माप, उदाहरणार्थ 16×25×1 इंच, जुन्या फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या कडेवर छापलेले असते.

पंखा खरोखरच थांबत नाही ना, याची खात्री आधी करावी. बर्नर विझल्यानंतरही आत उरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी ब्लोअर साधारण दीड ते तीन मिनिटे चालतो आणि ते योग्यच असते. शिवाय आवाज कोणत्या पंख्याचा आहे हेही नीट ऐकावे, कारण फर्नेसमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलणारा आणखी एक लहान पंखा असतो. खोल्यांतील जाळ्यांतून हवा येत नसूनही घरघर ऐकू येत असेल, तर तो लहान पंखा चालू असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बर्फाने बुजल्या नाहीत ना, हे पाहून यावे.

त्यानंतर थर्मोस्टॅटकडे, म्हणजे घराचे तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या उपकरणाकडे वळावे. त्यावर पंख्याची वेगळी कळ असते. ती ‘ऑटो’वर असेल तर पंखा गरजेपुरता चालतो आणि ‘ऑन’वर असेल तर अखंड. घरातल्या कोणीतरी, बहुधा उन्हाळ्यात, ती ‘ऑन’वर सरकवलेली असते आणि तक्रार तिथेच मिटते. स्मार्ट थर्मोस्टॅट असेल तर दर तासाला किमान काही मिनिटे पंखा चालवण्याची सोय मोबाइलच्या ॲपमध्ये कुठे लागू झालेली नाही ना, हे तपासावे. कॅनडातील नव्या घरांत ताजी हवा आत आणणारे वेगळे यंत्र बऱ्याचदा फर्नेसच्या ब्लोअरशी जोडलेले असते, म्हणून त्याचे भिंतीवरील बटणही पाहावे.

सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र येणाऱ्या हवेची. जाळीपुढे हात धरून हवा गरम आहे की गार, आणि घराचे तापमान टिकून आहे की घसरते आहे, हे वेळेसह लिहून ठेवावे. हवा गार आणि घरही गारठत चालले असेल, तर फर्नेस आतून प्रमाणाबाहेर तापून तिचा सुरक्षा स्विच उघडला, म्हणजे त्याने विजेचा मार्ग तोडला, असण्याचा संभव असतो. तो उघडला की गॅस बंद होतो आणि यंत्र थंड करण्यासाठी ब्लोअर चालत राहतो. म्हणजे इथे पंखा बिघडलेला नसून तो आपले कामच करत असतो. या तापण्याचे नेहमीचे कारण म्हणजे धुळीने भरलेला फिल्टर. तो बदलताना, पुढे सांगितलेला दिव्याचा व्हिडिओ आधी घेऊन, फर्नेसचा स्विच तात्पुरता बंद करावा आणि फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने ठेवावा. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला पाहावा. अतिशय बारीक विणीचा महागडा फिल्टर अरुंद जागेत बसवला तर हवा अडते आणि हाच त्रास नव्या फिल्टरनेही होतो. हवा परत खेचणाऱ्या मोठ्या जाळीपुढे सोफा किंवा कपाट नाही ना, हेही बघावे. आणि पैसे वाचतील म्हणून वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करण्याची सवय असेल, तर त्या उघडाव्यात. बर्नरजवळच्या स्विचवर एखादे लहान, बहुधा लाल, बटण दिसले तरी ते दाबू नये, कारण ज्वाला जागा सोडून बाहेर आल्याशिवाय तो स्विच सहसा उडत नाही, आणि ते का घडले हे शोधणे तंत्रज्ञाचे काम आहे.

याउलट घर व्यवस्थित गरम होत असेल, बर्नर वेळेवर विझत असेल आणि फक्त पंखाच चालू राहत असेल, तर दोष पंख्याला मिळणाऱ्या आदेशात असतो. थर्मोस्टॅट त्याच्या पाटीवरून अलगद काढून काही मिनिटे थांबावे. त्यातील तारा बारीक, 24 व्होल्टच्या असतात. जाड तारा दिसल्या तर हा प्रयोग करू नये. पंखा थांबला तर दोष थर्मोस्टॅटचा. थांबला नाही, तर पंख्याला आदेश देणारी ‘जी’ अक्षराची तार कुठेतरी दुसऱ्या तारेला चिकटली असावी किंवा फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवरील रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा स्विच, अडकला असावा. यापुढे स्वतः जाऊ नये, असे माझे मत आहे.

फर्नेसच्या दारातील छोट्या काचेतून बोर्डवरचा दिवा बिघाडाचा संकेत देत लुकलुकताना दिसतो. वीज तोडण्यापूर्वी त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा, कारण अनेक बोर्डांवर वीज गेली की साठलेला संकेत पुसला जातो. त्यानंतर वीज बंद करून दार उघडावे आणि आतल्या बाजूच्या संकेतांच्या तक्त्याचा व मॉडेल क्रमांकाचा फोटो काढावा. दार उघडताच यंत्र बंद करणारा स्विच टेप लावून दाबून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. उघड्या दाराने ब्लोअर जळलेला वायू घरात खेचू शकतो. दार लावून वीज पुन्हा सुरू करताना थर्मोस्टॅट ‘ऑफ’वर ठेवावा आणि पंखा लगेच फिरू लागतो का, तेही टिपावे.

फर्नेस बंदच ठेवायची वेळ आली, तर पाइपांतील पाणी गोठू नये म्हणून घराचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नये. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने सोडावेत आणि सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत. तंत्रज्ञाला फोन करताना मॉडेल क्रमांक, दिव्याचा संकेत, हवा गरम की गार आणि थर्मोस्टॅट काढल्यावर काय झाले, या चार गोष्टी आधी सांगाव्यात, म्हणजे लागणारा भाग तो पहिल्याच फेरीत सोबत आणू शकेल.