पत्रिकेवर झॅपफिनो वापरण्याआधी

मराठी-इंग्रजी लग्नपत्रिका करताना वधूवरांची इंग्रजी नावं झॅपफिनो या सुलेखनी वळणाच्या फॉन्टमध्ये हवी असतील, तर आधी सगळा मजकूर कागदावर लिहून घ्या आणि फक्त त्या दोन नावांखाली रेघ ओढा. झॅपफिनो तेवढ्यापुरताच. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची नावं साध्या टायपात. जर्मन अक्षररचनाकार हर्मन झॅप्फ यांनी १९४४ साली वहीत लिहिलेल्या सुलेखनावरून हा फॉन्ट घडला आणि १९९८ मध्ये लायनोटाइप या फॉन्ट कंपनीने तो आणला. त्यात अजून हाताची चाल आहे, आणि हाताला जागा लागते.

म्हणून जागा आधी राखा. गायत्री आणि त्याखाली आदित्य ही नावं इंग्रजीत टाइप करून बघा: वायची शेपटी खालच्या ओळीत खोल उतरते, आणि तिथे 'आदित्य'मधला डी मान उंच करून उभा असतो. दोघे एकमेकांत अडकतात. अशा वेळी फॉन्ट बारीक करू नका. ओळींतलं अंतर वाढवा, किंवा ग्लिफ्सच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या, तक्त्यातून डीचं दुसरं, आखूड रूप निवडा. एकेका अक्षराची अशी अनेक रूपं त्यात दिलेली आहेत. मला तर या फॉन्टची खरी श्रीमंती तिथेच वाटते. मात्र एका नावात लांब फटकारा एकच ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्यावर असू द्या, नाहीतर जोड तुटतात. सगळी अक्षरं कॅपिटल तर कधीच नकोत, नाव वाचताच येत नाही.

झॅपफिनोत देवनागरी नाही, तेव्हा मराठी नावांसाठी वेगळा फॉन्ट लागेल. तो शांत, ठसठशीत शिरोरेषेचा निवडा. दोन्हीकडे फटकारे आले की नजर कुठेच ठरत नाही.

छपाईचं आधी विचारून ठेवा. गडद कागदावर सोनेरी फॉइल असेल तर बारीक रेषा तुटण्याची भीती असते, त्यामुळे नाव मोठं घ्या आणि त्याच कागदावर नमुना मागा. पडद्यावर छान दिसलं यावर विसंबू नका. प्रेसला देताना फाइल कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं रेखाकृतीत रूपांतर करा, पण त्याआधी मूळ प्रत वेगळी सेव्ह करा. कर्व्ह केल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही. शेपट्या चौकटीच्या कडेला कापल्या गेल्या नाहीत ना, हे प्रूफवर बोट फिरवून बघा.

पाकिटावरचा पत्ता आणि पिनकोड साध्या अक्षरांत, म्हणजे पोस्टमनला अडायला होणार नाही.